डोळे मिटू की उघडे ठेवू? योगवर्गात नव्याने जाणाऱ्यांसाठी

कोथरूडमधल्या माझ्या पहिल्या योगवर्गात, तिसऱ्याच दिवशी, मी वृक्षासनात डोळे मिटले. कुणी सांगितलं नव्हतं. माझ्या डोक्यात योग म्हणजे कॅलेंडरवरचा ऋषी: मांडी घातलेला, डोळे मिटलेला, चेहऱ्यावर तेज. म्हटलं, एका पायावर उभी आहेच, तर डोळेही मिटून घेऊ, तेवढंच जास्तीचं पुण्य. पुढच्या क्षणी मी शेजारच्या काकूंच्या अंगावर होते. त्यांना लागलं नाही, पण चटईच्या कडेला काढून ठेवलेला त्यांचा चष्मा माझ्या टाचेखाली आला. 'कट्' असा आवाज झाला आणि अख्खा वर्ग एका पायावरून दोन पायांवर आला.

बाई लांबूनच म्हणाल्या, "डोळे मिटायला कुणी सांगितलं होतं?"

खरं तर उघडे ठेवायलाही कुणी सांगितलं नव्हतं. नव्या माणसाची इथेच पंचाईत होते. गुडघा कुठे, टाच कुठे, श्वास कधी, हे सगळं सांगतात. डोळ्यांचं काय करायचं ते ज्याचं त्याने ताडायचं. एका वर्गात "डोळे उघडा, झोपलात का?" असं ऐकू येतं, दुसऱ्या वर्गात "डोळे अलगद मिटा, आत बघा". दोन्हीकडे जाणारा माणूस गोंधळतो आणि शेवटी घड्याळाकडे बघत बसतो.

आज आठ वर्षं झाली. एवढ्या काळात एक गोष्ट नक्की कळली: डोळे मिटले की लक्ष आपोआप आत वळतं, हा निव्वळ गैरसमज आहे. डोळे मिटून मी महिन्याच्या वाणसामानाची यादी कितीतरी वेळा पूर्ण केली आहे. उलट डोळे टक्क उघडे ठेवून लक्ष डाव्या टाचेत ठेवता येतं. उघडे की मिटलेले, हे आसनावर, तुमच्या तब्येतीवर आणि तुम्ही किती दिवस करताय त्यावर ठरतं. ते कसं ठरवायचं, ते खाली क्रमाने लिहिते आहे.

आधी जवळ काय काय हवं

- घरातली एक मोकळी भिंत. खुंटी, स्विचबोर्ड, देव्हाऱ्याचा कोपरा यांपासून दूर.
- न घसरणारी चटई. गुळगुळीत फरशीवर नुसती सतरंजी टाकून उभ्याची आसनं करू नका.
- दोन सोलापुरी चादरी. डोक्याखाली, मांडीखाली, गुडघ्याखाली, कुठेही घडी करून चालतात. महागडा लोड लगेच घ्यायची गरज नाही.
- डोळ्यांवर ठेवायला मऊ सुती कापड, चार पदरी घडी होईल एवढं. जुन्या धोतराचं किंवा साडीचं सर्वांत छान.
- समई किंवा निरांजन (सहाव्या पायरीसाठी, लगेच नको).
- चष्म्याची कडक डबी. का ते वर आलंच आहे.
- आणि कागद: रक्तदाब आणि साखरेचे अलीकडचे आकडे, चालू गोळ्यांची यादी, आणि डोळ्यांच्या तपासणीचा शेवटचा कागद.

शेवटचा कागद बहुतेक जण आणत नाहीत. वर्गाच्या फॉर्मवर पाठ, गुडघे, हृदय, शस्त्रक्रिया असं सगळं विचारतात आणि आपणही इमानेइतबारे भरतो. डोळ्यांचं कुणी विचारलं नाही तर लिहायचं सुचत नाही. पण काचबिंदू असेल, घरात कुणाला असेल, पडद्याचा काही त्रास झाला असेल, उणे नंबर फार मोठा असेल किंवा नुकतंच मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं असेल, तर ते फॉर्मवर जागा नसली तरी समासात लिहा आणि तोंडीही सांगा. डोकं खाली जाणाऱ्या आसनांत डोळ्यांतला दाब वाढतो. शीर्षासनात तर वाढतोच, साध्या अधोमुख श्वानासनातही वाढतो. निरोगी डोळा ते सहन करतो. काचबिंदूच्या डोळ्याने का सहन करावं?

१. वर्ग कुठल्या पद्धतीचा आहे ते आधी विचारा

पुण्यात योगवर्ग गल्लोगल्ली आहेत आणि प्रत्येकाची डोळ्यांबाबतची सवय त्याच्या घराण्यातून आलेली असते. गाण्यासारखंच आहे हे.

बी. के. एस. अय्यंगार १९३७ मध्ये, वयाच्या अठराव्या वर्षी, डेक्कन जिमखान्यावर शिकवायला पुण्यात आले आणि मग इथलेच झाले. मॉडेल कॉलनीतली त्यांची रमामणी अय्यंगार स्मारक संस्था १९७५ पासून आहे. या पद्धतीत आसनं उघड्या डोळ्यांनी होतात. पायाचा अंगठा कुठे वळलाय, गुडघ्याची वाटी वर ओढली गेलीय का, हे आधी डोळ्यांनी बघायचं, मग आतून ओळखायचं. शवासन आणि प्राणायाम मात्र मिटल्या डोळ्यांनी. कधी कधी डोळ्यांवरून क्रेप बँडेजही हलकेच गुंडाळतात.

म्हैसूरकडून आलेल्या अष्टांग विन्यास पद्धतीत डोळे उघडे, पण त्यांना नेमून दिलेली जागा असते. तिला दृष्टी म्हणतात: नासाग्र, भ्रूमध्य, नाभी, हाताचं टोक, पायाचा अंगठा, अशा नऊ. बिहारमधल्या मुंगेरच्या योगविद्यालयाच्या परंपरेतल्या वर्गात मात्र बरंचसं मिटल्या डोळ्यांनी चालतं, आणि योगनिद्रा (पडून, सूचना ऐकत केलेली विश्रांती) तर पूर्णपणे.

यात चूक कुणीच नाही. पण पहिले सहा महिने एकच घराणं धरा. मी सकाळी एक आणि संध्याकाळी दुसरा असा वर्ग लावला होता. सकाळी "उघडा" आणि संध्याकाळी "मिटा" ऐकून पंधरा दिवसांत मी दोन्हीकडे नुसती डोळ्यांचाच विचार करत होते.

पहिल्या दिवशी एवढंच विचारा: "सर, आसनात डोळे कुठे ठेवायचे?" उत्तर द्यायला शिक्षक जरा थांबले, तुमच्याकडे बघितलं आणि "कुठल्या आसनात?" असं उलट विचारलं, तर वर्ग चांगला आहे असं समजा.

२. घरी एक चाचणी करा

तोल सांभाळायला शरीराकडे तीन साक्षीदार असतात. एक डोळे. दुसरा कानाच्या आतला भाग, जो डोकं कुठे कललंय ते सांगतो. तिसरे तळपाय, घोटे आणि सांधे, जे जमीन कुठे आहे ते सांगतात. डोळे मिटले की एक साक्षीदार गेला. उरलेले दोघे पक्के असतील तर काम चालतं. त्यांच्यातलाच एखादा कच्चा असेल तर माणूस आडवा होतो. डॉक्टरमंडळी हेच तपासायला पाय जोडून उभं करतात आणि डोळे मिटायला सांगतात. एकोणिसाव्या शतकातल्या रॉम्बर्ग नावाच्या जर्मन डॉक्टरचं नाव त्या तपासणीला आहे.

घरी असं करा. भिंतीपासून वीतभर पुढे, भिंतीकडे पाठ करून उभे राहा. घरातलं कुणीतरी समोर उभं असू दे. पाय जोडून, डोळे उघडे ठेवून तीस आकडे मोजा. मग डोळे मिटून तीस. थोडं झुलणं हे चालायचंच; सगळेच झुलतात. पण पाय हलवावा लागला किंवा धरावं लागलं, तर तुमच्यासाठी उभ्याच्या सगळ्या आसनांत डोळे उघडे, हे ठरलं. आणि एकदा डॉक्टरांच्या कानावर घाला.

मधुमेह जुना असेल तर ही चाचणी चुकवू नका. तळपायांची जाणीव हळूहळू बोथट होत जाते आणि डोळे ती कसर भरून काढत असतात, त्यामुळे माणसाला पत्ताच नसतो. मोरीत तोंडावर पाणी मारताना, म्हणजे डोळे मिटलेले असताना, तोल जातो का हे आठवून बघा. तीही तीच खूण आहे.

माझा आकडा सांगते. भिंतीजवळ एका पायावर उघड्या डोळ्यांनी मी चाळीस मोजू शकत होते, मिटल्या डोळ्यांनी सहा. काकूंच्या चष्म्याचं गणित तेव्हा सुटलं.

३. उघड्या डोळ्यांनी करायला शिका

ही पायरी सगळ्यांना कंटाळवाणी वाटते म्हणून सगळे ती गाळतात. मी मात्र सर्वांत जास्त वेळ इथेच घालवला, आणि तुम्हीही किमान दोन महिने घालवा.

डोळे उघडे असले की ते भटकतात. शेजारचीचा पाय माझ्यापेक्षा वर गेलाय का, आरशात पोट दिसतंय का, घड्याळात किती वाजले, हे सगळं ते बघून येतात आणि मनाला सांगतात. मग आपण उलट टोक गाठतो: भिंतीवरच्या एका ठिपक्यावर असे डोळे रोखतो की कपाळाला आठ्या, दात आवळलेले, श्वास थांबलेला. बाई म्हणायच्या, "भिंतीला भोक पडेल." टक लावणं म्हणजे एकाग्रता नव्हे. डोळे कडक झाले की मान कडक होते, मान कडक झाली की श्वास वर चढतो.

मग कसं बघायचं?

माझी आजी दुपारी गॅलरीत मटार सोलत बसायची. नजर रस्त्यावर असायची. कोण आलं, कोण गेलं, सगळं दिसत असायचं, पण ती बघत नसायची. सगळं लक्ष बोटांत. शेंगेत अळी असली की बोटं आपोआप थबकायची आणि ती शेंग न बघताच वेगळ्या वाटीत जायची. ती नजर आठवा. डोळे उघडे, समोरचं सगळं दिसतंय, पण लक्ष हातात.

आता ताडासनात, म्हणजे दोन्ही पायांवर सरळ ताठ, उभे राहा. समोर डोळ्यांच्या उंचीवर काहीतरी एक धरा: खिडकीची कडी, भिंतीवरचा डाग, काहीही. त्यावर नजर टेकवा, रुतवू नका. मग ती वस्तू न सोडता डोळ्यांच्या कडांना काय दिसतंय ते येऊ द्या: डावीकडचा पडदा, उजवीकडचा दरवाजा. कपाळ लगेच सैल होतं, स्वतःच करून बघा. मग कानांमागे काय आहे त्याची दखल घ्या. मग मान, पाठ, कंबर, गुडघ्यांची मागची लवण, आणि शेवटी टाचा. दोन्ही टाचांवर सारखा भार आहे का? माझा कायम उजवीकडे जास्त असतो, आणि हे मला उभं राहून तीन आठवड्यांनी कळलं. त्याआधी पंचेचाळीस वर्षं मी त्याच टाचांवर उभी होते.

हठयोगाच्या ग्रंथांत शांभवी मुद्रेचं वर्णन करताना 'अन्तर्लक्ष्यं बहिर्दृष्टिः' असे शब्द येतात. लक्ष आत, नजर बाहेर. ती मुद्रा फार पुढची गोष्ट आहे, आपण तिच्या वाटेला जायचं नाही. पण ते दोन शब्द मी चटईच्या कडेला पेनने लिहून ठेवले होते.

या पायरीवर ताडासन, त्रिकोणासन, वीरभद्रासन दोन आणि भिंतीजवळ वृक्षासन, एवढंच पुरे. त्रिकोणासनात वरच्या हाताकडे बघताना मान दुखली तर समोर बघा. मानेला शिक्षा करून जाणीव वाढत नाही.

४. मिटायला सुरुवात: आडवे, मग बसून, मग उभे

क्रम उलटा करू नका. आधी पाठीवर झोपून, कारण तिथून पडायला जागा नाही. मग भिंतीला पाठ टेकून सुखासनात. मग आधाराशिवाय बसून. उभ्याने सर्वांत शेवटी, आणि तेही भिंत पाठीशी ठेवून.

बसून करण्याचा एक प्रकार मला एका ज्येष्ठ शिक्षकांनी दाखवला. एवढं साधं आणि एवढं झोंबणारं दुसरं काही मी केलेलं नाही.

चादरीच्या घडीवर मांडी घालून बसा. डोळे मिटा. दोन्ही हात बाजूने खांद्यांच्या रेषेत, जमिनीला समांतर वर घ्या. घाई नको. दोन्ही सारखे आले असं आतून वाटेपर्यंत थांबा. अगदी खात्री पटू द्या. आता डोळे उघडा आणि मान न हलवता नुसती नजर फिरवून दोन्हीकडे बघा.

माझा डावा हात चांगला चार बोटं खाली होता आणि थोडा मागे. मला मात्र शपथेवर सांगता आलं असतं की दोन्ही समान आहेत. सरांनी मला आरशासमोर बसवलं, हात सरळ करून दिला, आणि म्हणाले, "आता मिटा." सरळ केलेला हात आतून चक्क वाकडा वाटत होता!

मिटा, करा, उघडा, तपासा, दुरुस्त करा, पुन्हा मिटा. रोज पाच वेळा, दहा-बारा दिवस. मग हेच डोकं सरळ आहे का, खांदे एका उंचीवर आहेत का, दंडासनात (पाय समोर लांब करून बसल्यावर) दोन्ही टाचा एका रेषेत आहेत का, यासाठी. नुसते डोळे मिटून 'आतून जाणवतंय' म्हणणाऱ्यांवर माझा त्या दिवसापासून विश्वास उडाला. आधी स्वतःवरचा. शरीर वर्षानुवर्षं ज्या वाकडेपणात राहिलंय तोच त्याला सरळ वाटतो. डोळ्यांनी त्याला खरं काय ते दाखवावं लागतं, आणि मग कुठे मिटल्या डोळ्यांच्या साक्षीला किंमत येते.

५. शवासन: मिटलेले डोळे शांत करणं

इथे डोळे मिटायचेच आहेत, तरी गंमत अशी की पापण्यांआड बुबुळं धावतच असतात. आरशात दिसत नाही, पण शेजारी झोपलेल्या नव्या माणसाकडे बघा: पापण्या फडफडत असतात. विचार पळतो तिकडे बुबुळ पळतं.

उपाय तीन. डोक्याखाली चादरीची पातळ घडी घ्या, म्हणजे कपाळ हनुवटीपेक्षा किंचित वर येईल आणि नजर आपोआप छातीकडे उतरेल. कपाळ मागे कललं असेल तर डोळे भुवयांकडे चढतात आणि डोकं जागं राहतं. दुसरं, डोळ्यांवर सुती घडी ठेवा. वजन नको, फक्त अंधार. कॉन्टॅक्ट लेन्स आधी काढा. तिसरं, बुबुळं स्थिर करण्याचा प्रयत्न करू नका; पापण्यांच्या आतला मऊपणा, डोळ्यांखालची गालांची त्वचा, याकडे लक्ष न्या. ती सैल पडली की मागोमाग डोळे बसतात.

मग आवाज येतील. पुण्यातल्या सोसायटीत सकाळी सातला शवासन म्हणजे घंटागाडी, खालच्या मजल्यावरचा कुकर, आणि दार उघडं राहिलं म्हणून ओरडणारी लिफ्ट. शिट्ट्या मोजू नका. मी तीन मोजल्या की आमटी झाली असं धरून उठायचे.

झोप लागते. लागू द्या, पहिला महिना. आमच्या वर्गात कुणीतरी भिंतीवर कागद चिकटवला होता: 'घोरणाऱ्यांनी खिडकीकडच्या बाजूस शवासन करावे.' पुण्यात आहोत, पाटी असणारच. पण महिन्यानंतरही रोज झोपच लागत असेल, तर रात्रीची झोप कमी पडते आहे, योगाचा दोष नाही.

एक गोष्ट वेगळी करून ठेवा. डोळे मिटल्यावर जे बरं वाटतं ते खरंच आहे. हान्स बर्गर या जर्मन डॉक्टरांनी १९२९ मध्ये मेंदूच्या विद्युतलहरींची नोंद प्रसिद्ध केली. त्यांत सेकंदाला साधारण ८ ते १३ वेळा येणाऱ्या अल्फा लहरी डोळे मिटले की ठळक होतात आणि उघडले की मावळतात. पण हे रिक्षात डोळे मिटून बसलेल्या माणसालाही होतं. म्हणजे तो निवांतपणा झाला. पायरी चारमध्ये जी जाणीव आपण कमावतोय ती वेगळी, आणि ती आयती मिळत नाही.

उठताना: आधी डोळे मिटलेलेच ठेवून उजव्या कुशीवर वळा, दोन श्वास थांबा, हाताने जमीन ढकलून बसा, आणि मग डोळे खाली बघत उघडा. छताकडे बघत एकदम उघडून ताडकन उठलात तर गरगरेल. रक्तदाबाच्या गोळ्या घेणाऱ्यांनी तर इथे दुप्पट वेळ घ्यावा.

६. त्राटक: घाई नको, जाहिरातींना भुलू नका

त्राटक हे हठयोगातल्या षट्कर्मांपैकी, म्हणजे सहा शुद्धिक्रियांपैकी, एक: धौती, बस्ती, नेती, त्राटक, नौली, कपालभाती. पापणी न हलवता एका बारीक लक्ष्याकडे बघत राहायचं. पोथीत पाणी येईपर्यंत म्हटलंय. नव्या माणसाने तिथवर जायचं कारण नाही.

समई डोळ्यांच्या उंचीला, हातभर किंवा थोडी जास्त लांब. पंखा बंद. चष्मा आणि लेन्स काढून. ज्योतीच्या टोकाकडे तीस सेकंद बघा, जळजळायच्या आधी मिटा. मिटल्यावर ज्योतीची छबी दिसते. ती विरेपर्यंत तिच्यासोबत राहा, पकडायला धावू नका. ती पळते. दोनदा, तीनदा, बस्स. आठवड्यातून दोन-तीन दिवस.

काचबिंदू, फिट येण्याचा त्रास, नुकतंच झालेलं डोळ्याचं ऑपरेशन किंवा अर्धशिशी असेल तर ही पायरी सरळ गाळा. 'त्राटकाने चष्मा जातो' असं सांगणारा वर्ग भेटला तर तोही गाळा. चष्म्याचा नंबर बुबुळाच्या आणि डोळ्याच्या घडणीवर असतो, समईवर नाही. मी एका ठिकाणी असल्या शिबिराचे पैसे भरून बसले आहे. नंबर आहे तोच आहे.

७. कधी मिटायचेच नाहीत

शीर्षासन, सर्वांगासन, आणि त्यांत शिरताना-उतरताना. सूर्यनमस्कार. भिंतीशिवाय एका पायावरचं काहीही. टेकडीवर: वेताळ टेकडीवर सूर्योदयाला मिटल्या डोळ्यांनी वृक्षासन करून फोटो काढणारे मी पाहिलेत, आणि त्यांच्या पायाखालची सुटी खडीही. मान वळवली की गरगरणाऱ्यांनीही उघडेच ठेवावेत.

आणि एक कारण शरीराचं नाही.

बाबा गेले त्यानंतर मी पंधरा दिवसांनी वर्गाला गेले. शवासनात डोळे मिटले आणि अतिदक्षता विभागातलं यंत्र समोर आलं, ती हिरवी रेघ, तो टुक टुक आवाज. मी उठून बसले. दुसऱ्या दिवशी तेच. मला वाटलं, आपल्याला आता हे जमणार नाही. बाईंनी काही विचारलं नाही. जवळ येऊन कुशीवर वळवलं, डोक्याखाली घडी सरकवली आणि हळूच म्हणाल्या, "उघडे राहू दे. फरशीकडे बघत पड." दोन महिने मी फरशीच्या त्या करड्या ठिपक्यांकडे बघत शवासन केलं. मग एक दिवस पापण्या आपोआप खाली आल्या.

अपघात, मोठं आजारपण, कुणाचं जाणं, काही जुनी भीती, यांतून जात असाल तर डोळे मिटण्याची सक्ती स्वतःवर करू नका आणि शिक्षकांनी केली तर नाही म्हणा. अर्धे मिटलेले, नजर दोन हात पुढे जमिनीवर, हे पूर्ण चालतं. आणि ते यंत्र महिनोन्‌महिने हटत नसेल तर योगशिक्षकांशी नव्हे, मानसोपचारतज्ज्ञांशी बोला.

८. रोजचं वेळापत्रक, एकदा लिहून

सकाळी पोट रिकामं, किंवा जेवणानंतर किमान चार तासांनी. वीस-पंचवीस मिनिटं पुरतात: दहा मिनिटं उभ्याची आसनं उघड्या डोळ्यांनी, पाच मिनिटं बसून 'मिटा-उघडा-तपासा', आणि आठ-दहा मिनिटं शवासन. पहिले दोन महिने मधला भाग वगळा, त्याऐवजी ताडासनातच जास्त थांबा. वहीत रोज एक ओळ लिहा, पण 'छान वाटलं' असं नको. 'डावा खांदा वर', 'उजव्या टाचेवर भार', 'शवासनात झोप' असं काहीतरी पुराव्यासारखं. चार महिन्यांनी उलटी वाचत या, आपलंच शरीर ओळखू येत नाही.

वर्गाला निघताना चष्म्याची डबी विसरू नका. डबी चटईजवळ नको, खिडकीच्या कट्ट्यावर ठेवा. आमच्या काकू अजून त्याच वर्गाला येतात, चष्मा आता तिथेच असतो. मी वृक्षासनात उभी राहिले की मात्र त्या आपली चटई अजूनही हातभर पलीकडे सरकवतात.